बसून चालणारा माणूस

ताइपिंगच्या तळ्याकाठी रोज सकाळी म्हाताऱ्यांची जत्रा भरते आणि त्या जत्रेत कुणीही चालत नाही. घरून निघताना सगळे चालायलाच निघालेले असतात. डोक्यावर टोप्या असतात, हातात पाण्याच्या बाटल्या असतात, पायात मुलांनी क्वालालंपूरहून पाठवलेले बूट असतात. तळ्याशी पोचले की खिशातून फोन बाहेर येतो, मान खाली जाते आणि माणूस जागच्या जागी खुंटासारखा उभा राहतो. मध्येच दोन पावलं पळतो, काचेवर बोट घासतो, ‘मिळाला!’ म्हणून ओरडतो आणि पुन्हा खुंट होतो. याला ही मंडळी व्यायाम म्हणत.

बी गेओक याला काय म्हणायची ते छापण्यासारखं नाही.

ती सरकारी शाळेत खेळाची शिक्षिका होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली तरी तिच्या गळ्यातली शिट्टी काही उतरली नव्हती. रोज सकाळी तळ्याच्या पूर्वेला, पाण्यावर वाकलेल्या जुन्या झाडांखाली ती फुकट कवायत घ्यायची. एके काळी तिच्यासमोर माणसांच्या रांगाच्या रांगा असत. हात वर, कंबर वाक, गुडघा उचल, आणि जो चुकेल त्याला सगळ्यांदेखत पाणउतारा. लोक हसत, घाम पुसत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येत. आता उरली होती एकच रांग, तीही ज्यांना डोळ्यांनी धड दिसत नाही म्हणून फोन वापरता येत नाही अशांची.

बाकीचे सगळे ‘सांगकार’मध्ये गेले होते. सांगकार म्हणजे पिंजरा. हा फोनवरचा खेळ. फोनचा कॅमेरा समोर धरला की बाकावर, कचऱ्याच्या डब्यावर, कुणाच्या टकलावरसुद्धा रंगीबेरंगी पक्षी बसलेला दिसायचा. बोटानं जाळं फेकायचं, की पक्षी पिंजऱ्यात. शिवाय अंडी मिळत. ती अंडी माणूस चालला तरच उबत. जितकं जास्त चालाल तितका भारी पक्षी अंड्यातून बाहेर. म्हणून म्हणे हा खेळ आरोग्याचा.

आणि समोरच्या खऱ्या झाडांवर खरे बगळे बसलेले असायचे. एकदा एका बगळ्यानं पुष्पवल्लीच्या फोनवरच शिटलं. पुष्पवल्ली पोस्टातून निवृत्त झालेली बाई, ‘तळ्यातले गरुड’ नावाच्या टोळीची म्होरकी. तिनं पदरानं काच पुसली आणि डोळे बारीक करून म्हणाली, “हा कुठल्या जातीचा आला गं? नाव दिसत नाहीये.”

“वर बघ, नाव सांगेल तो,” बी गेओक म्हणाली.

“तू चेष्टा कर. पण मी पूर्वी जिना चढले की धापा टाकायचे. आता बघ.”

“आता जिना चढतच नाहीस. गेल्या अर्ध्या तासात या कचऱ्याच्या डब्याभोवतीच फिरते आहेस. नगरपालिकेनं तुला पगार द्यायला हवा.”

पुष्पवल्लीला राग यायचा नाही. तिनं आयुष्यभर खिडकीपलीकडून लोकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

या खुंटांची बी गेओकला तशी काही पडली नव्हती. मूर्ख माणसं शाळेत भरपूर पाहिली होती. पण या खुंटांतला एक खुंट तिच्या घरचा होता, आणि तिचं खरं दुखणं ते होतं.

तिच्या नवऱ्याचं, तियान सेंगचं, बाजारात चष्म्याचं दुकान होतं. सगळी हयात त्यानं स्टुलावर बसून लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. दुकान विकल्यावर स्टूल गेलं आणि वेताची खुर्ची आली. तिच्यात बसून तो कोपी, म्हणजे तिथली गोड कॉफी, प्यायचा, पेपर वाचायचा, पुन्हा कोपी प्यायचा. साखर वाढत गेली. दोन वर्षांपूर्वी उजव्या पायाची करंगळी काळी पडली आणि काढावी लागली. त्या वेळी डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून बजावलं होतं.

“रोज चालायचं. साखर आवरायची. आणि तळपाय रोज बघायचे. यांच्या पायातली जाणीव गेली आहे, खिळा घुसला तरी यांना कळणार नाही. बघणारं माणूसच हवं. पुढच्या वेळी नुसत्या बोटावर भागणार नाही.”

बघणारं माणूस घरात होतंच. शाळेत दर सोमवारी बी गेओक पोरांची नखं तपासायची. आता रोज संध्याकाळी ती छोट्या स्टुलावर बसायची, नवऱ्याचे दोन्ही पाय मांडीवर घ्यायची, नाकावर चष्मा, हातात विजेरी, आणि बोटांच्या बेचक्यांपासून टाचेपर्यंत बघून घ्यायची. तोंडानं अर्थातच पट्टा चालू. “काय नखं आहेत का फावडी?” तो पेपर वाचत ‘हं’ म्हणायचा. एवढ्या वर्षांच्या संसारात एकमेकांना हात लावायची तेवढीच वेळ उरली होती.

चालायचं मात्र तो नाव काढत नव्हता. तिनं गोडीनं सांगितलं, रागानं सांगितलं, शेवटी एक दिवस खुर्चीमागे उभी राहून जोरात शिट्टी फुंकली. त्याच्या हातातली कोपी पेपरावर सांडली.

“मी काय तुझ्या पाचवी ब-मधला आहे का?” तो ओरडला.

“पाचवी ब-मधली पोरं तुझ्यापेक्षा बरी होती. निदान रडत रडत धावायची.”

“मग त्यांच्याशी लग्न करायचं होतंस.”

तो जागचा हलला नाही. तिच्या शिट्टीवर सगळ्या गावाची पोरं धावली, हा एकटा धावला नाही, आणि हे शल्य तिला आतून टोचत राहिलं.

मग मुलीनं, स्वी इमनं, बाळाचे फोटो बघायला म्हणून बापाला नवा फोन घेऊन दिला, आणि गंमत म्हणून त्यात सांगकार घालून दिला. चौथ्या-पाचव्या दिवशी बी गेओक कवायत संपवून घरी आली तर वेताची खुर्ची रिकामी. तिला वाटलं, पडलाबिडला की काय. न्हाणीघर बघितलं, परस बघितलं. शेवटी रस्त्यावर आली तर हा गृहस्थ कोपऱ्यावरच्या देवळापाशी, फोन समोर धरून, चोरासारखा चवड्यांवर चालत होता.

“शू! म्हातारे, हलू नकोस. तुझ्या खांद्यावर निळा बसलाय.”

 पायाचं बोट गेलं तरी न उठलेला माणूस नसलेल्या पाखरासाठी उठला होता. आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल थोडा. पण आधी आला तो संताप, आणि संतापामागून आलेली भावना सांगायला तिला लाज वाटली असती: तिला त्या निळ्या पाखराचा मत्सर वाटला.

पुढचे दिवस तो खरंच चालला. तळ्याला वळसा घालायचा, बाजारातून फिरून यायचा, जुन्या स्टेशनापर्यंत जायचा. पायात बहुधा रबरी चपला. बूट घाल म्हटलं की म्हणायचा, बुटात पाय शिजतात. बी गेओक त्याला सोडायची नाही. “आला का पारधी? आज काय मारलंस, कावळा?” जेवताना पाहुण्यांना सांगायची, “आमच्याकडे एवढे पक्षी आहेत आणि एकाचीही शिट काढावी लागत नाही.” पाहुणे हसायचे. तियान सेंगही हसायचा, आणि फोन उलटा करून ठेवायचा.

पण साखर उतरली. डॉक्टरीणबाईंनी कागद बघून मान डोलावली आणि विचारलं, काय केलंत? त्यानं फोन दाखवला. फोनवर त्या दिवसाच्या चालण्याचा आकडा होता, आकड्याभोवती हिरवं वर्तुळ होतं, वर्तुळावर एक पाखरू नाचत होतं. डॉक्टरीणबाई हसल्या. बी गेओकनं नाक मुरडलं, पण तो आकडा तिनं नीट पाहून घेतला.

त्या दिवसापासून संध्याकाळचा रिवाज बदलला. ती हात पुढे करायची, “आण.” तो फोन द्यायचा. ती आकडा बघायची, कालच्यापेक्षा जास्त असला तर ‘हूं’ म्हणायची, कमी असला तर टोमणा. गृहपाठ तपासल्यासारखंच ते. सुरुवातीला आकडा बघून झाल्यावर पायही बघायची. मग एक दिवस तो म्हणाला, “पाय मीच धुतले, पावडर लावली, मोजे चढवले. आता कुठे पुन्हा काढतेस? आकडा बघ ना, रोगी माणूस एवढा चालतो का?” टीव्हीवर तिची मालिका लागायची वेळ झाली होती. हिरवं वर्तुळ पुरं भरलं होतं. तिनं ‘बरं’ म्हटलं. दुसऱ्या दिवशीही म्हटलं. नंतर तो मोजे घालूनच झोपायला लागला, म्हणे पंख्याचा गारठा लागतो, आणि स्टूल कपाटामागे गेलं.

ज्या खेळाला ती दिवसभर शिव्या घालायची, त्या खेळाच्या आकड्यावर तिनं नवऱ्याचे पाय सोपवून दिले. आणि हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

आता तो दुपारचा स्वी इमकडे जायला लागला होता. मुलगी गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची, घरून केक करून विकायची. दुपारी गाडीनं बापाला न्यायची, संध्याकाळी आणून सोडायची. “बाळाला सांभाळतो, तिच्या घरामागच्या मैदानात चालतो,” तो सांगायचा. आकडा चढतच होता. घरात दिवसरात्र औषधी तेलाचा भपकारा सुटलेला असायचा. “पोटऱ्या दुखतात,” तो म्हणायचा. बी गेओक खिडक्या उघडत कुरकुरायची आणि मनातल्या मनात सुखावायची. पोटऱ्या दुखतात म्हणजे माणूस चालतो आहे.

बाजारात भाजीवालीनं विचारलं तर म्हणाली, “काय सांगू, पायाला चाकं लागलीत आमच्या म्हाताऱ्याच्या. मूर्खासारखा चालतो.” ‘मूर्खासारखा’ हा शब्द ती इतक्या अभिमानानं म्हणाली की भाजीवालीनं दोन मिरच्या जास्त टाकल्या.

याच सुमारास शाहरिल उगवला. हा तिचा जुना विद्यार्थी. शाळेत खेळाचा तास आला की याच्या पोटात हमखास दुखायचं. झाडाखाली बसून तो इतरांच्या चपला राखायचा. आता तो तळेकाठ आरोग्य समितीचा प्रमुख होता, पोट पुढे आलेलं, छातीवर बिल्ला. समितीनं सांगकारवाल्यांसाठी मोहीम काढली होती. गावातल्या सगळ्यात जास्त चालणाऱ्या ज्येष्ठाचा तळ्याकाठी सत्कार व्हायचा होता, आणि त्याच्या मागून सगळं गाव तळ्याला फेरी घालणार होतं.

“चिकगु, पहिलं कोण आहे माहीत आहे का?” शाहरिल दारात उभा राहून म्हणाला. चिकगु म्हणजे मास्तरीणबाई. गाव तिला याच नावानं ओळखायचं. “आपले अंकल! दुसऱ्या नंबरवर पुष्पवल्ली आंटी, पण त्या बऱ्याच मागे. आणि फेरी सुरू करायला शिट्टी तुमची.”

“तू चालणार आहेस का फेरीत, की चपला राखणार?”

“चिकगु, तुम्ही अजून तेच धरून बसलात!” तो हसत हसत निघून गेला. बी गेओकनं दार लावलं, आणि दुसऱ्याच दिवशी जाऊन नव्या ब्लाउजचं कापड घेतलं.

तियान सेंगला सत्काराचं सांगितलं तेव्हा त्यानं पेपर खाली ठेवला. “नको गं हे. पुष्पाला देऊ देत,” म्हणाला.

“का? आयुष्यात पहिल्यांदा पहिला आलास. भिंतीवरची अक्षरं वाचून कुणी हार घालत नाही.”

“मला बरं नाही वाटत लोकांसमोर.”

“गपचूप चल. मी पुढच्या रांगेत बसणार आहे.”

तो तिच्याकडे बघत राहिला. काहीतरी सांगायला तोंड उघडलंही होतं त्यानं. पण तिनं आधीच शिंप्याला फोन लावला होता.

सत्काराच्या सकाळी स्वी इम दोघांना घ्यायला आली. बाळ, जुन, घरी तिच्या सासूबाईंकडे होतं. आदल्या संध्याकाळी ब्लाउजच्या गडबडीत आकडा बघायचा राहिला होता. गाडीत बी गेओकनं विचारलं, “तुझा फोन कुठाय?”

“कालचा स्वी इमकडेच राहिलाय,” तियान सेंग म्हणाला.

“चला. एक दिवस तरी मान वर करून माणसासारखा दिसशील.”

तळ्याकाठच्या लाकडी मंडपात फिकट रंगाच्या नव्या चटया अंथरल्या होत्या. सगळ्यांनी रिवाजाप्रमाणे पायऱ्यांशी बूट काढले. तियान सेंगनं काढले, आत मोजे होते, जाड, काळे, एकावर एक दोन. कठड्याला धरून तो वर गेला आणि गळ्यात हार घालून मधल्या खुर्चीत बसला. बाजूला मोठा पडदा, त्यावर सांगकारची नावं आणि पुढे आकडे. सगळ्यात वर तियान सेंग. खाली गवतावर टोळ्याच्या टोळ्या फोन उंचावून चित्रीकरण करत होत्या. पहिल्या रांगेत बी गेओक, नवा ब्लाउज, गळ्यात चकचकीत घासलेली शिट्टी.

शाहरिलनं भाषण ठोकलं. गोळ्या नकोत, पथ्य नको, दवाखाना नको, फक्त खिशात फोन हवा. बोलता बोलता घामानं त्याचा शर्ट चिकटला होता. मंडपाच्या चार पायऱ्या चढून आला होता बिचारा.

“आणि हा पडदा बघा! हे आकडे आत्ताचे आहेत, या क्षणाचे! तुम्ही पाऊल टाकलं की इथे दिसतं!”

लोकांनी बघितलं. सगळ्यांचे आकडे स्थिर होते, कारण सगळे बसले होते. एकच आकडा हलत होता. सगळ्यात वरचा. टिक टिक करत तो चढत होता, आणि ज्याचा तो होता तो हार घालून खुर्चीत बसला होता.

आधी कुणीतरी खोकलं. मग मागून आवाज आला, “अंकल बसल्या बसल्या चालतायत!” आणि हशा उसळला. पुष्पवल्ली उभी राहिली, तिनं पडद्याकडे बघितलं, तियान सेंगकडे बघितलं, आणि स्वतःचा फोन पदराखाली लपवला. शाहरिल म्हणाला, “यंत्र जरा पुढे धावतंय,” तर लोक आणखीच हसले.

बी गेओक मुलीकडे वळली. स्वी इम तोंडावर हात दाबून हसू आवरत होती.

“मा, फोन जुनच्या झोळीत आहे.”

“झोळीत?”

“स्प्रिंगच्या झोळीत. जुन झोपला की पा त्याच्या उशाशी फोन ठेवतात आणि मोटर चालू करतात. झोळी खालीवर, खालीवर. फोनला वाटतं कुणी चालतंय. सासूबाईंनी आत्ता झोपवलं असेल त्याला.” मग आईचा चेहरा बघून तिचं हसू विरलं. “मला वाटलं तुला माहीत आहे. तुमच्या तळ्यावर निम्मे लोक हेच करतात. ज्यांच्या घरी नातवंडं आहेत ते सगळे.”

“कधीपासून?”

“झाला की महिना, दीड महिना.”

दीड महिना ती एका तान्ह्या पोराच्या झोपेला ‘हूं’ म्हणत आली होती. भाजीवालीला सांगत होती. शिंप्याला सांगत होती.  ती उठली, चपला भिरकावल्या आणि पायऱ्या चढून थेट नवऱ्यासमोर उभी राहिली. हसणं थांबलं. गावातल्या निम्म्या लोकांनी हा चेहरा शाळेत बघितला होता.

“ऊठ.”

“म्हातारे, घरी जाऊन बोलू,” तो हळूच म्हणाला.

“घरी नाही. इथेच. सगळ्या गावाला दाखव कसा चालतोस ते. खोटारडा! पाळण्यातलं पोर चालतं आणि हा हार घालतो! शाळेतली पोरंसुद्धा एवढी लबाडी करत नव्हती. ऊठ!”

“ऐक ना जरा. मला आत्ता चालायचं नाहीये.”

“तुला कधीच चालायचं नव्हतं!”

तिनं शिट्टी तोंडात धरली आणि फुंकली. तळ्यापलीकडचे बगळे उडाले. तियान सेंगनं एकदा तिच्याकडे बघितलं, खाली समोर धरलेल्या फोनांकडे बघितलं. मग हार काढून खुर्चीवर ठेवला आणि उठला.

तो चालला. मंडपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, ताठ, हात हलवत, कवायतीत चालावं तसा. लंगडला नाही, कण्हला नाही. टोकाला पोचून वळला आणि परत निघाला. त्याच्या चेहऱ्यावर थोडंसं हसूही होतं, बघ, झालं का समाधान, असं. लोकांतून एक-दोन टाळ्याही पडल्या.

बी गेओक त्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. ती चटईकडे बघत होती. फिकट चटईवर ठसे उमटले होते. एकाच पायाचे. सुरुवातीचे ओलसर, पिवळट, पुढचे लाल.

शिट्टी तिच्या तोंडातच होती. श्वास तिच्यात जात होता आणि आवाज होत नव्हता.

“थांब,” ती म्हणाली. “थांब. बस खाली. बस म्हणते ना!”

तिनं त्याला चटईवरच बसवलं, उजवा पाय मांडीवर घेतला. औषधी तेलाचा भपकारा आला आणि त्याच्याखालून दुसरा वास आला. पहिला मोजा निघाला, दुसरा चिकटला होता. अंगठ्याच्या खाली तळव्याला भोक पडलं होतं, त्यात कापूस कोंबला होता, आणि भोकाच्या कडा काळ्या पडल्या होत्या.

“दुखत नाही गं,” तो तिची समजूत घालत म्हणाला. “खरंच. काही कळत नाही.”

“हे कधी झालं?”

“तळ्यातल्या त्या बेटाच्या बाजूला एकदा सोनेरी पक्षी आला होता ना, सगळे पळाले होते. मीही पळालो. चपलेतून काच गेली असावी. घरी आल्यावर रक्त दिसलं.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“तू हसली असतीस,” तियान सेंग म्हणाला. “चार लोकांना सांगितलं असतंस, पारधी स्वतःच घायाळ झाला म्हणून.” मग जरा थांबून म्हणाला, “वाटलं, पाय टेकवला नाही तर भरेल जखम. म्हणून बसून राहायचो स्वी इमकडे. तेवढे दिवस फोनला चालायला लावलं. तू रोज आकडा बघायचीस ना.”

खाली गवतावर सगळे फोन अजून वर होते. चित्रीकरण चालूच होतं. “बंद करा ते!” पुष्पवल्ली किंचाळली, तेव्हा कुठे एकेक हात खाली आला. पडद्यावर आकडा चढतच होता. तो कसा बंद करायचा ते शाहरिलला ठाऊक नव्हतं.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी पायावरचा कपडा उचलला आणि जखमेवर वाकून बघितलं. मग म्हणाल्या, “जखम जुनी आहे. पण आज हे यावर चालले का? आतलं सगळं फाटलंय.”

बी गेओकनं गळ्यातली शिट्टी मुठीत झाकली.

“मी सांगितलं होतं, पाय रोज बघायचे. घरी कोण बघतं?”

शाळेत खोटं बोलणारं पोर तिला चेहऱ्यावरून ओळखता यायचं. आता आपला चेहरा कुठे लपवावा ते तिला समजेना.

“ही बघते,” पलंगावरून तियान सेंग म्हणाला. “रोज बघते. विजेरी घेऊन. मीच लपवलं, हिचा काही दोष नाही.”

डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं.  बी गेओकनं नवऱ्याचं बोलणं खोडून काढलं नाही.

पाऊल गेलं. घोट्याच्या वरून कापावं लागलं.

चारेक दिवसांनी शाहरिल वॉर्डात आला. समितीनं सत्काराला आणलेले बूट द्यायचे राहिले होते. पांढरेशुभ्र, खोक्यात कागद घालून, जोडी. ती त्यानं पलंगाच्या पायथ्याशी ठेवली, तिथे चादर एका बाजूला सपाट होती हे त्याच्या नंतर लक्षात आलं, आणि खोकं पुन्हा काखेत घेऊन तो दाराशी घुटमळत राहिला.

“राख,” बी गेओक म्हणाली. “तुला सवय आहे.”

तो गेल्यावर तिनं पिशवीतून विजेरी काढली. घरातलं छोटं स्टूल तिनं स्वी इमला आणायला लावलं होतं. ते पलंगाशी ओढून ती बसली, चष्मा लावला आणि डावा पाय मांडीवर घेतला. तोंडानं आज पट्टा नव्हता. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, बेचकं, पुन्हा बोट.

तियान सेंग छताकडे बघत होता. औषधांनी त्याची जीभ जड झाली होती.

“म्हातारे, माझा फोन कुठाय?”

“झोळीत,” ती मान वर न करता म्हणाली. “चालतोय अजून.”

आणि तिनं विजेरी टाचेपाशी नेली.